चोरीच्या गुराचा माग

मोटारसायकल चोरीला गेली की ठाण्यात पहिल्यांदा चेसिस नंबर विचारतात. गाय चोरीला गेली तर फिर्यादीत काय लिहायचे? रंग तांबडा, कपाळावर पांढरा टिळा, डावे शिंग किंचित आत वळलेले, वय अंदाजे पाच वर्षे. हे वर्णन कोणत्याही आठवडी बाजारात डझनभर गायींना लागू पडेल. त्यात हा माल स्वतःच्या पायांनी चालतो, टेम्पोत घातला तर रात्रीतून दोन तालुके ओलांडतो, आणि कापला गेला तर माल आणि पुरावा दोन्ही एकदमच नाहीसे होतात. जनावरांच्या गुन्ह्यांचा तपास हे पोलिसी कामातले एक निराळे कसब का झाले, हे या एवढ्या अडचणीतून समजते.

आपल्याकडे या कामाला स्वतंत्र नाव नाही. बीट अंमलदार मारामाऱ्या, अपघात, बंदोबस्त सांभाळता सांभाळता गोठ्याचाही पंचनामा करतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात मात्र हा दीडशे वर्षांचा पेशा आहे. त्याचे बिल्ले, कायदे, परंपरा आणि पापेही नोंदलेली आहेत. म्हणून आढावा तिथून सुरू करतो. या सगळ्या इतिहासात मला दोन प्रश्न सतत एकमेकांत गुंतलेले दिसतात. जनावर कोणाचे हे ठरवायचे कसे, हा एक. आणि ते ठरवणारा माणूस कोणाचा, हा दुसरा. पहिल्यावर पुष्कळ लिहिले जाते. रक्त सांडले आहे ते दुसऱ्यावरून.

१८७७ साली टेक्सासमधल्या ग्रॅहम या गावी ४० पशुपालक जमले. मोकळी कुरणे, हजारोंचे कळप, आणि शेरीफला एका दिवसाच्या घोडदौडीत गाठता येणार नाहीत एवढी अंतरे. चोऱ्यांना कंटाळलेल्या या लोकांनी संघटना काढली. तीच आजची टेक्सास अँड साउथवेस्टर्न कॅटल रेझर्स असोसिएशन. मुख्यालय फोर्ट वर्थला. संघटनेने पदरच्या पैशाने निरीक्षक नेमले आणि ते गुरे विक्रीला जाताना त्यांच्या अंगावरची निशाणे तपासू लागले. त्यांचे वारस म्हणजे आजचे स्पेशल रेंजर. टेक्सास आणि ओक्लाहोमा मिळून त्यांची संख्या तीसच्या आसपास आहे. पगार संघटना देते, अटकेचा आणि झडतीचा अधिकार राज्य देते. टेक्सासच्या कायद्यात तशी स्पष्ट तरतूद आहे: राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाच्या संचालकांना या संघटनेच्या नोकरीतले जास्तीत जास्त ५० स्पेशल रेंजर नेमता येतात. पगार खासगी आणि बिल्ला सरकारी, ही रचना भारतीय वाचकाला खटकेल. खटकायलाच हवी. तिच्याकडे पुढे येतोच.

या रेंजरचे काम कसे चालते? एकेकाच्या वाट्याला कितीतरी काउंट्या असतात. पोलिसाचे रीतसर प्रशिक्षण हवे, शिवाय गुरांची जाण हवी. वासरू किती दिवसांचे आहे, गाय किती महिन्यांची गाभण आहे, कासेवरून तिच्या अंगावर पिणारे वासरू असावे की नसावे, हे नजरेने ओळखता आले पाहिजे; कारण संशयिताच्या सांगण्यातली विसंगती तिथेच उघडी पडते. ‘ही गाय मी वर्षापूर्वी घेतली, वासरू इथेच झाले,’ असे कोणी म्हणाला आणि गायीची कास आटलेली दिसली, तर पुढचे प्रश्न आपोआप सुचतात.

सगळ्यात मोठा शत्रू असतो वेळ. आपल्याकडे दावणीचा खुंटा सकाळी रिकामा दिसला की घर जागे होते. तिथे शेकडो एकरांत चरणारा कळप हंगामाला एक-दोनदाच एकत्र आणून मोजला जातो. पंधरा गुरे कमी भरली, तर ती काल गेली की दोन महिन्यांपूर्वी, हेच कोणाला ठाऊक नसते. टायरच्या खुणा पावसाने पुसलेल्या असतात. म्हणून तपास शेतात कमी आणि बाजारात जास्त होतो. टेक्सासच्या शंभराहून अधिक गुरांच्या बाजारांत संघटनेचे निरीक्षक बसतात आणि वर्षाकाठी ४० ते ५० लाख जनावरांची निशाणे, खुणा, विकणाऱ्याच्या गाडीचा क्रमांक टिपून ठेवतात. चोराला पैसे हवे असतात, पैसे चेकने मिळतात, आणि चेकवर नाव लागते. सिनेमातल्या घोडदौडीपेक्षा ही नोंदवही जास्त चोर पकडते. नावही पुष्कळदा ओळखीचेच निघते: जुना गडी, शेजारी, नात्यातला कोणी. बुजऱ्या गुरांना खुराकाच्या बादलीमागे चालवत ट्रेलरमध्ये चढवणे अनोळखी माणसाला सहसा जमत नाही.

शिक्षाही कडक आहे. टेक्सासात एक गाय किंवा एक घोडा चोरला तरी तो तिसऱ्या दर्जाचा गंभीर गुन्हा होतो. २ ते १० वर्षे कैद आणि १०,००० डॉलरपर्यंत दंड. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या गुरांची संख्या ८.६७ कोटींवर आली होती, १९५१ नंतरची सर्वांत कमी. गुरे कमी म्हणजे भाव चढे, आणि भाव चढे म्हणजे रात्रीच्या ट्रेलरला निमित्त.

आता निशाणांकडे येऊ. आमच्याकडे गुराला डागतात ते बहुतेक वेळा लंगडण्यावर, सुजेवर उपाय म्हणून. तिथे डाग म्हणजे सातबारा. तापलेल्या लोखंडाने कातडीवर उमटवलेल्या खुणेवर पुन्हा केस येत नाहीत, म्हणून ती जन्मभर वाचता येते. वाचायची रीतही ठरलेली आहे: डावीकडून उजवीकडे, वरून खाली, बाहेरून आत. आडवे पडलेले अक्षर ‘आळशी’ म्हणायचे, पंख लावलेले ‘उडते’, खाली कमान असेल तर ‘झुलते’. ही खरोखरच एक लिपी आहे, आणि लिपी आली की खाडाखोड आली. एका रेषेला दुसरी जोडून एकाचे निशाण दुसऱ्याचे करणे ही चोरांची जुनी कला. त्यावर निरीक्षकाचा उपायही तितकाच जुना: केस भादरायचे, व्रण ओला करायचा आणि बोटाने चाचपायचा. जुना व्रण कातडीबरोबर वाढून पसरलेला असतो, नवा कडेला टोकदार लागतो. टेक्सासात निशाण काउंटीच्या दप्तरात नोंदवतात आणि दर १० वर्षांनी नोंद नवी करावी लागते. वायोमिंगमध्ये पाऊल आणखी पुढे आहे. मालकी बदलताना, काउंटीची किंवा राज्याची हद्द ओलांडताना निशाण तपासून घ्यावेच लागते.

पण ज्याच्या अंगावर निशाणच नाही त्या वासराचे काय? मोकळ्या कुरणावर आई मेलेले, चुकलेले, अजून न डागलेले वासरू कोणाचे? सॅम्युअल मॅव्हरिक नावाच्या टेक्सासच्या एका गृहस्थाने आपली गुरे डागलीच नाहीत म्हणून अशा जनावराला इंग्रजीत मॅव्हरिक हे नाव पडले. कोणाच्याच कळपात न बसणाऱ्या माणसाला आज तोच शब्द वापरतात. १८८४ साली वायोमिंगने कायदाच केला की अशी वासरे बड्या पशुपालकांच्या संघटनेच्या ताब्यात जातील, त्यांचा लिलाव होईल आणि त्या पैशातून निरीक्षकांचा खर्च भागेल. लहान शेतकऱ्याने कुरणावर सापडलेले वासरू डागले की तो चोर. बड्या मालकाने तेच केले की कायदा. तपास करणाराच वासरांच्या लिलावावर जगत असेल, तर त्याच्या तपासाला तपास म्हणायचे कसे?

१८८६–८७ च्या भयंकर हिवाळ्याने कळपच्या कळप मारले आणि उरलेल्यावरून भांडण पेटले. एप्रिल १८९२ मध्ये बड्या पशुपालकांनी टेक्सासहून भाडोत्री बंदूकबाज आणले, ‘गुरेचोर’ म्हणून मारायच्या माणसांची यादी केली आणि सुमारे पन्नास जणांची टोळी जॉन्सन काउंटीवर चालून गेली. केसी रँचवर नेट चॅम्पियन आणि निक रे यांना त्यांनी ठार केले. खटला नाही, पंचनामा नाही. मग चिडलेल्या स्थानिकांनी टोळीलाच वेढा घातला, आणि राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी घोडदळ पाठवून तिला सोडवले. शिक्षा कोणालाच झाली नाही. पुढे टॉम हॉर्न. पशुपालकांनी पोसलेला हा ‘स्टॉक डिटेक्टिव्ह’ संशयितांना न्यायालयात नेण्यापेक्षा रायफलने निकाल लावण्यासाठी प्रसिद्ध होता. १८ जुलै १९०१ रोजी मेंढपाळाचा १४ वर्षांचा मुलगा विली निकेल गोळी लागून मेला. त्या खुनाबद्दल हॉर्नला २० नोव्हेंबर १९०३ रोजी शायेन इथे फाशी झाली. हा विशिष्ट खून त्याने केला की नाही यावर इतिहासकार अजून वाद घालतात. त्याला पैसे कशाचे मिळत होते याबद्दल मात्र वाद नाही.

आज वायोमिंगमध्ये हे काम लाइव्हस्टॉक बोर्ड या सरकारी संस्थेकडे आहे. टेक्सासचा रेंजर संघटनेचा नोकर राहिला, पण त्याची नेमणूक राज्याच्या हातात आहे आणि त्याने आणलेला पुरावा सरकारी वकिलासमोर आणि ज्यूरीसमोर टिकावा लागतो. माझ्या मते वायोमिंगची रचना अधिक निकोप. तरी टेक्सासच्या पद्धतीचा एक गुण मान्य करायला हवा: त्या माणसाला दुसरे काम नाही, त्यामुळे त्याला गुरे कळतात.

हे काम फक्त चोरीपुरते राहिलेले नाही. कागदावरच्या गुरांचा गुन्हा कुरणावरच्या चोरीला केव्हाच मागे टाकून गेला आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या कोडी ईस्टरडे या मोठ्या पशुपालकाने टायसन फूड्स आणि आणखी एका कंपनीला दोन लाखांहून अधिक अस्तित्वात नसलेल्या गुरांच्या खरेदीची आणि चाऱ्याची बिले लावली. रक्कम २४ कोटी ४० लाख डॉलर. २०२१ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, २०२२ मध्ये ११ वर्षांची शिक्षा झाली. आपल्याला याचे नवल वाटू नये. १९९६ मध्ये चाईबासाच्या कोषागारातून उघडकीला आलेला चारा घोटाळा अशाच न खाल्लेल्या चाऱ्यावर उभा होता. अशा गुन्ह्यात गरज असते ती गोठ्यात जाऊन डोकी मोजणाऱ्या माणसाची. अनेक वर्षे तो कोणी पाठवलाच नाही, एवढेच दोन्हीकडे घडले.

दुसरी शाखा हेळसांडीची. उपाशी, हाडे निघालेल्या जनावरांची तक्रार येते तेव्हा तपासनीस गुरांच्या अंगावरचे मांस १ ते ९ अशा श्रेणीत मोजतो, चारा-पाण्याची छायाचित्रे घेतो, पशुवैद्याला बोलावतो. पण गोठ्यातली गुरे खंगतात तेव्हा घरातला माणूसही पुष्कळदा खंगलेला असतो: कर्ज, म्हातारपण, दारू, बायको गेल्यानंतरचा एकटेपणा. चोराच्या मागे धावण्यापेक्षा अशा अंगणात उभे राहणे जास्त अवघड असावे. गुन्हा नोंदवायचा की आधी वैरणीची गाडी पाठवायची, हा निर्णय कोणत्याही कलमात लिहिलेला नसतो.

तिसरी शाखा रोगाची. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकूत पसरला, तो मुख्यतः बाजारांतून हललेल्या मेंढ्यांबरोबर. कंब्रियातल्या लाँगटाउनच्या बाजाराचे नाव त्यात कायमचे जोडले गेले. साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. कोणते जनावर कुठून कुठे गेले याचा कागद म्हणजे चोर पकडण्याचे साधन, तसाच साथ अडवण्याचाही बांध. अमेरिकेने नोव्हेंबर २०२४ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या ठराविक गुरांना इलेक्ट्रॉनिक बिल्ला सक्तीचा केला, तो रोगाच्या कारणाने. ऑस्ट्रेलियात अशी नोंद आधीपासूनच आहे आणि क्वीन्सलँडसारख्या राज्यात ग्रामीण व पशुधन गुन्ह्यांचे स्वतंत्र पोलीस पथकही. केनियात पशुचोरीविरोधी सशस्त्र पथक आहे, कारण तिथे काही भागांत गुरे पळवणे म्हणजे टोळीयुद्धच.

दक्षिण आफ्रिकेचा १९५९ चा पशुचोरी कायदा वेगळ्या कारणाने वाचण्यासारखा आहे. ज्याच्याकडे चोरीच्या संशयाचे जनावर सापडेल आणि जो त्याचा समाधानकारक खुलासा देऊ शकणार नाही, तो गुन्हेगार. तपासनिसाला असे कलम सोयीचेच वाटणार. पण सिद्ध करण्याचे ओझे आरोपीच्या खांद्यावर टाकले की गरिबाचे हाल होतात, कारण पावती नसते ती गरिबाकडेच.

हाच प्रश्न महाराष्ट्रात न्यायालयासमोर आला. महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियम १९७६ चा. २०१५ च्या दुरुस्तीने गायींबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये ती बंदी कायम ठेवली, पण निर्दोषत्व सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर टाकणारे कलम ९ ब आणि राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगण्याबद्दलचे कलम ५ ड रद्द केले. त्या निकालाची चर्चा आहाराच्या हक्काभोवती झाली. मला त्यातला तपासाचा धडा तितकाच मोठा वाटतो: पुरावा आणण्याचे काम सरकारचे आहे. आणि सरकारच्या जागी दुसरे कोणी रस्त्यावर उभे राहून गाड्या अडवू लागले, की आपण जॉन्सन काउंटीपासून फार लांब नसतो. सर्वोच्च न्यायालयाला जुलै २०१८ मध्ये जमावाच्या हिंसेविरुद्ध निर्देश द्यावे लागले ते उगाच नाही. हेतू कितीही भक्तीचा असो, ज्याला अधिकार नाही आणि जो कोणाला उत्तर देत नाही, त्याच्या हाती गुरांचा कायदा जाता कामा नये.

आपल्याकडे माग काढण्याची परंपरा होतीच. माग, मागमूस, मागोवा हे शब्द पावलांच्या ठशांतून आलेले. चोरीचे गुर ज्या गावच्या शिवेत शिरले त्या गावाने माग पुढे दाखवायचा, नाहीतर भरपाई द्यायची, असा रिवाज देशात अनेक ठिकाणी होता. पंजाबात १८७२ मध्ये त्याला कायद्याचे रूपही मिळाले. महाराष्ट्रात हे काम जागल्याचे, रामोशाचे. आणि पुढे काय झाले? १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला, १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर वाढली, आणि गावाची राखण करणाऱ्या, माग काढणाऱ्या जमातींवरच जन्मजात चोराचा शिक्का बसला. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या विमुक्त झाल्या. तरी आजही गावात शेळ्या गेल्या की पहिली नजर गावाबाहेरच्या पालांकडे वळते. हा शिक्का कोणत्याही भादरण्याने पुसला जात नाही. तपासनिसाने सर्वांत आधी ही सवय स्वतःच्या नजरेतून काढायला हवी.

२०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे ३ कोटी ३० लाख पशुधन होते. त्यातली शेळी ही सगळ्यांत सहज उचलली जाणारी. मागची सीट काढलेल्या मोटारीत चार-पाच सहज मावतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार ५,००० रुपयांहून कमी किमतीच्या पहिल्याच चोरीत, माल किंवा किंमत परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा होते. म्हणजे फिर्यादीत करडाची किंमत काय लिहिली यावर पुष्कळ ठरते, आणि ती लिहिताना विधवा बाईच्या तीन शेळ्या म्हणजे तिचे वर्षाचे घर, हे कोणत्या रकान्यात मांडायचे? जुन्या दंड संहितेत जनावर मारल्याच्या कलमांत १० आणि ५० रुपयांच्या मर्यादा १८६० पासून तशाच होत्या. नव्या संहितेने त्या काढल्या, हे बरे झाले.

ओळखीच्या बाबतीत आपण उशिरा पण योग्य वाटेवर आहोत. कानातला पिवळा बिल्ला, त्यावरचा १२ अंकी क्रमांक, आणि ‘भारत पशुधन’ प्रणालीतली नोंद. लसीकरणासाठी सुरू झालेली ही गोष्ट तपासाला वरदान आहे. २०२४ मध्ये राज्याने बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतूक होऊ नये असे ठरवले. पण बाजारात गेल्यावर दिसते ते असे: हेडी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवतो, पावती फाटते, आणि पावतीवर बिल्ल्याचा क्रमांक असेलच असे नाही. टेक्सासच्या बाजारातली ती नोंदवही आठवते ती इथे. घोडेगाव, सांगोला, चाळीसगाव, लोणी या बाजारांच्या दारात एक माणूस क्रमांक वाचून टिपणारा बसवला, विक्री झाली की मालकाचे नाव प्रणालीत तिथेच बदलले, तर नव्या पथकाशिवायही अर्धा तपास होईल. विमा कंपन्यांनी बिल्ला नाही तर भरपाई नाही असा नियम केला आणि शेतकरी बिल्ले जपू लागले. पावतीनेही तेच करायला हवे. बिल्ला कापून फेकता येतो हे खरे. पण कानाला भोक राहते, आणि ताजे फाटलेले भोक हीही खूणच. पंचनाम्यात ते लिहिले जावे एवढीच अपेक्षा.

सापडलेल्या गुराचे पुढे काय, हा भाग आपल्याकडे फारच दुर्लक्षित आहे. जप्त मोटारसायकल ठाण्याच्या आवारात गंजत पडू शकते. दुभती म्हैस पडू शकत नाही. तिला दोन वेळा पिळावे लागते, नाहीतर कास सुजते. २०१७ च्या केंद्रीय नियमांनी मुद्देमालातल्या जनावरांची देखभाल कोणी, कोणाच्या खर्चाने करायची हे घालून दिले आहे, पण ते नियम मुख्यतः क्रूरतेच्या खटल्यांसाठी. चोरीच्या गुन्ह्यात फिर्यादीला सुपूर्तनाम्यावर जनावर मिळायला जितके दिवस लागतात, तितके दिवस कोणा हवालदाराच्या ओळखीने, कोणाच्या तरी गोठ्यात, उधारीच्या पेंडीवर ते जगते.

आणि दोन मालक एकाच गायीवर हक्क सांगत आले तर? गुराच्या नाकाच्या शेंड्यावरचा ठसा माणसाच्या बोटासारखा प्रत्येकाचा वेगळा असतो, हे १९२२ पासून शास्त्राला ठाऊक आहे. आता मोबाइलच्या कॅमेऱ्याने तो टिपण्याचे प्रयत्न चालू आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या प्रयोगशाळेत केसाच्या मुळावरून आई-वासराचे नाते सिद्ध होते. पण त्याच्या कितीतरी आधीपासून पश्चिमेच्या कुरणांवर तपासनीस एक साधी गोष्ट करत आले आहेत. वादातले वासरू एका आवारात सोडायचे, फिर्यादीच्या गायी दुसऱ्या बाजूने आत घ्यायच्या, आणि बाजूला उभे राहायचे. गायी वास घेत फिरतात. परक्या वासराला शिंगाने बाजूला सारतात. मग त्यातली एक थांबते, हंबरते, वासरू धावत येऊन तिच्या कासेला ढुशी देते, आणि तपासनीस वहीत वेळ लिहितो.